सायकलचे माप आजच्या शरीराचे हवे

दिवाळी उलटून सकाळच्या हवेत गारवा आला, की अमरावती आणि अकोल्याच्या रस्त्यांवर सायकली दिसू लागतात. कुणी वडाळी किंवा छत्री तलावापर्यंत जाऊन येतो, कुणी बडनेऱ्याची फेरी करतो, तर काही मंडळी जमून थेट शेगाव गाठतात. अमरावती-अकोला महामार्गाची अवस्था आपण सर्वांनी वर्षानुवर्षे सोसली आहे. याच मार्गावर जून २०२२ मध्ये एका लेनचे ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाले आणि त्याची गिनेस विक्रमात नोंद झाली. रस्ता सुधारल्यावर लांबच्या सायकलप्रवासाची इच्छा अनेकांच्या मनात जागी झाली. त्यांत साठी ओलांडलेल्या मंडळींची संख्या लक्षणीय आहे. ज्या अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले, तेथे या उत्साहाचे नवल वाटू नये.

माझ्याकडे येणारे ज्येष्ठ रुग्ण सायकल घेण्यापूर्वी सल्ला विचारतात. कोणत्या कंपनीची घ्यावी? गिअर किती असावेत? टायर जाड की बारीक? माप किती असावे, हा प्रश्न मात्र क्वचितच येतो. पुढे दोन-तीन महिन्यांनी मान धरते, करंगळीला मुंग्या येतात, गुडघा दुखतो, किंवा सायकल थांबवताना तोल जाऊन पडणे होते. मग घरची मंडळी एकमताने ठरवतात, की आता हे वय सायकलचे नाही. सायकल मागच्या पडवीत कुलूपबंद होते आणि त्या व्यक्तीचे एकट्याने घराबाहेर पडणेही हळूहळू थांबते. हा निर्णय घेण्यापूर्वी एकदा माप तपासावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

२२ आणि २४ हे आकडे कशाचे?

आपल्या पिढीला सायकलचे माप ठाऊक नव्हते असे नाही. हिरो, अ‍ॅटलस, रॅले यांच्या काळ्या सायकली '२२ इंची' आणि '२४ इंची' म्हणून विकल्या जात. हा आकडा फ्रेमचा असे. सीट ज्या उभ्या नळीत बसते, त्या नळीची ही लांबी. चाके दोन्हींना सारखीच, २८ इंची. आज मुलांची सायकल घेताना आपण '२०', '२४', '२६' म्हणतो, तो आकडा चाकाचा असतो. हे दोन आकडे एकमेकांत मिसळल्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो. चाकाचा आकडा पाहून प्रौढ माणसाची सायकल ठरवता येत नाही.

त्या काळी माप ठाऊक असले, तरी मापाप्रमाणे सायकल मिळत असे असे मात्र नाही. घरात एकच सायकल असे आणि ती वडिलांच्या उंचीची असे. मुले दांड्याखालून पाय घालून कैची चालवत. मोठी माणसे थांबताना ओट्याचा किंवा मैलाच्या दगडाचा आधार घेत. २२ इंची सायकलच्या आडव्या दांड्याची जमिनीपासूनची उंची ८० सेंटीमीटरच्या बरीच पुढे जाते. मध्यम उंचीच्या माणसाला दोन्ही पाय जमिनीवर टेकवून तो दांडा पायांमध्ये घेता येतच नसे. तरुणपणी सायकल एका अंगाला कलती करून आपण वेळ निभावून नेत होतो. पासष्टीनंतर कमरेत आणि घोट्यात ती चपळाई उरत नाही.

उंची कमी होते, ती कोठे?

आता वैद्यकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चाळिशीनंतर माणसाची उंची दर दहा वर्षांना साधारण एक सेंटीमीटरने कमी होत जाते. सत्तरीनंतर हा वेग वाढतो. मणक्यांमधल्या गाद्यांतील पाणी कमी होते, मणके किंचित दबतात, पाठीला बाक येतो. मांडीचे आणि नडगीचे हाड मात्र तेवढ्याच लांबीचे राहते. म्हणजे वयपरत्वे धड आखूड होते आणि पाय जवळपास तसेच राहतात.

सायकलच्या दुकानात किंवा संकेतस्थळावर जो तक्ता असतो, तो 'इतकी उंची, इतके माप' एवढेच सांगतो. हा तक्ता तरुण शरीराच्या प्रमाणावर बेतलेला असतो. ज्येष्ठ व्यक्तीने आपली जुनी उंची सांगितली, तर सायकल उंच मिळते आणि लांबही मिळते. आजची उंची सांगितली, तरी धड आणि पाय यांचे प्रमाण बदललेले असल्याने तक्ता पुरेसा ठरत नाही. म्हणून ज्येष्ठांनी दोन गोष्टी स्वतंत्रपणे पाहाव्यात: पायांच्या लांबीवरून फ्रेमची उंची आणि धडाच्या लांबीवरून सीट ते हँडल हे अंतर.

एका रुग्णाचे उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. निवृत्त मुख्याध्यापक, वय अडुसष्ट, मूळ गाव दर्यापूरकडचे. पुण्यातल्या मुलाने मोठ्या हौसेने त्यांच्यासाठी टूरिंग सायकल मागवली. वडिलांना शेगावला सायकलने जायचे होते. तीन आठवड्यांत मान आखडली, हातांची बोटे बधिर होऊ लागली आणि एका चौकात सिग्नलला थांबताना ते आडवे झाले. सुदैवाने मनगट मुरगळण्यावर निभावले. सूनबाई त्यांना घेऊन आल्या, त्या सायकल विकण्याचे नक्की करूनच. माप कसे ठरवले, असे मी विचारले. ते म्हणाले, "मीच सेवापुस्तिकेतली उंची कळोली होती पोराले."

सेवापुस्तिकेच्या पहिल्या पानावर नोकरीत रुजू होतानाची उंची लिहिलेली असते. ती होती १७२ सेंटीमीटर. दवाखान्यात मोजली, तेव्हा १६७ भरली. पायांचे आतल्या बाजूचे माप ७८ सेंटीमीटर होते. तक्त्यानुसार आलेली ५४ मापाची फ्रेम त्यांच्यासाठी दोन्ही अर्थांनी मोठी होती. बूट घालूनही दांडा अंगाला टेकत होता आणि हँडल गाठण्यासाठी त्यांना पुढे झेपावे लागत होते.

येथे केवळ सायकलचा प्रश्न नव्हता. तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटीमीटर किंवा अधिक घट झाली असेल, तर मणक्याचे हाड नकळत दबून मोडले आहे का, हे तपासावे लागते. त्यांचा एक्स-रे काढला आणि तसेच निघाले. हाडांच्या ठिसूळपणावर उपचार सुरू झाले. अशा पाठीला पुढे फार वाकून बसणे घातकच. अस्थिरोगतज्ज्ञांच्या संमतीनंतर काही महिन्यांनी त्यांनी लहान मापाची, उंच हँडलची सायकल घेतली. आता ते रोज सकाळी वडाळीपर्यंत जाऊन येतात. शेगावचा विचार पुढच्या हिवाळ्यात करायचा, असे आमचे ठरले आहे.

घरच्या घरी माप कसे घ्यावे?

हे काम दोघांनी मिळून करावे. ज्येष्ठ व्यक्तीने अनवाणी, भिंतीला पाठ टेकवून उभे राहावे. दोन पावलांत वीतभर अंतर ठेवावे. आधारासाठी शेजारी खुर्ची असावी. जाड पुठ्ठ्याची एखादी जुनी वही पायांच्या मधोमध धरून, सायकलच्या सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत वर सरकवावी. वहीची एक कड भिंतीला लागलेली असावी, म्हणजे ती तिरकी होत नाही. वहीच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी आणि जमिनीपासून खुणेपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. असे तीनदा मोजून सरासरी घ्यावी. पॅन्टच्या आतल्या शिवणीचे शिंप्याने घेतलेले माप येथे चालत नाही. ते यापेक्षा कमी भरते.

त्याच वेळी आजची उंचीही मोजून वहीत तारखेसह लिहून ठेवावी. दरवर्षी वाढदिवसाला ती पुन्हा मोजावी. हाडांच्या आरोग्यासाठी ही नोंद फार उपयोगी पडते.

आता गणित. समजा, पायांचे माप ७४ सेंटीमीटर आले. त्याला ०.६५ ने गुणल्यास सुमारे ४८ येते. आडवा दांडा जमिनीला समांतर असलेल्या फ्रेमसाठी हे माप योग्य समजले जाते. हल्ली पुष्कळ फ्रेमचा दांडा मागे उतरता असतो. तेथे उभी नळी आखूड असल्याने हा आकडा जुळत नाही. एस, एम, एल ही अक्षरेही प्रत्येक कंपनीत वेगवेगळ्या मापाची असतात. म्हणून आकड्याचा उपयोग अंदाजापुरता करावा आणि शेवटचा निर्णय सायकलजवळ उभे राहूनच घ्यावा.

दुकानात काय पाहावे?

पहिली परीक्षा उभे राहण्याची. नेहमीचे बूट घालून, सायकल सरळ धरून, सीटच्या पुढे दांडा दोन्ही पायांमध्ये घ्यावा. दोन्ही टाचा जमिनीवर पूर्ण टेकल्या पाहिजेत आणि अंग व दांडा यांत किमान तीन ते पाच सेंटीमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. ज्येष्ठांसाठी ती अधिक असली तर उत्तमच. लांबच्या प्रवासात कॅरियरवर दहा-बारा किलो सामान असते. थांबताना सायकल कलली, तर हे वजनही पायावर येते. वयस्कर माणसांचे सायकलवरून पडणे पुष्कळदा भर वेगात होत नाही; ते चढताना, उतरताना किंवा थांबताना होते.

दुसरी परीक्षा लांबीची, आणि हीच बहुतेक जण विसरतात. कुणाला तरी सायकल धरायला सांगून सीटवर बसावे आणि हँडल पकडावे. कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजे. खांदे कानांकडे ओढले जाऊ नयेत. मान मागे न टाकता समोरचा वीस-पंचवीस मीटरवरचा रस्ता सहज दिसला पाहिजे. हँडल सीटच्या बरोबरीने किंवा त्याहून तीन-चार सेंटीमीटर वर असावे. मानेच्या मणक्यांची झीज आपल्याकडे घरोघरी असते. पुढे वाकून मान वर धरली, की ती झीज बोलू लागते. चष्मा वापरणाऱ्यांना आणखी एक अडचण येते: वाकल्यावर नजर चष्म्याच्या वरच्या कडेवरून जाते, म्हणून मान अधिकच मागे टाकावी लागते.

हँडल ज्या तुकड्यावर बसते, तो स्टेम बदलून हे अंतर दोन-तीन सेंटीमीटर कमी करता येते. त्याहून जास्त ओढाताण केली, तर सायकल वळवतानाचा ताबा बिघडतो. फ्रेमची लांबी मुळातच मोठी असेल, तर ती कोणत्याही मेकॅनिकला लहान करता येत नाही. म्हणून आपण दोन मापांच्या मध्ये असाल, तर लहान माप घ्यावे. मात्र हँडल पुरेसे वर घेता येते का, हे आधी पाहून ठेवावे.

तिसरी परीक्षा सामानाची. टूरिंग सायकलचा मागचा भाग मुद्दाम लांब ठेवलेला असतो. त्यामुळे सामान लादले तरी सायकल स्थिर राहते आणि पायडल मारताना टाच बॅगेला लागत नाही. भरलेल्या बॅगा लावूनच दुकानाबाहेर एक फेरी मारावी.

खालच्या दांड्याची सायकल

ज्यांना गुडघा किंवा खुबा पुरेसा वाकवता येत नाही, त्यांनी आडव्या दांड्याचा आग्रह सोडावा. मागे सामान असताना टांग टाकायची म्हणजे क्षणभर एका पायावर उभे राहून दुसरा पाय कमरेइतका उंच न्यायचा. एका पायावर दहा सेकंद स्थिर उभे राहता येत नसेल, तर हा धोका पत्करू नये. आपण जिला 'लेडीज सायकल' म्हणतो, त्या खालच्या दांड्याच्या रचनेत लांब पल्ल्याच्या भक्कम सायकलीही बनतात. पुरुष मंडळी लाजतात, हे मला ठाऊक आहे. नेदरलँड्समध्ये वृद्ध पुरुष अशाच सायकली निःसंकोच वापरतात. साडी किंवा सलवार-कमीज घालणाऱ्या, पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या भगिनींसाठी तर हाच पर्याय सोयीचा आहे. त्यांनी मोठ्या मापाची पुरुषी फ्रेम केवळ सवलतीत मिळते म्हणून घेऊ नये.

सीट किती उंच?

अनेक ज्येष्ठ सीटवर बसल्या-बसल्या पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट फार खाली करतात. यात सुरक्षितता वाटते. परंतु प्रत्येक फेऱ्यात गुडघा जास्त वाकतो आणि वाटीच्या मागे दाब वाढतो. मिनिटाला ६५ फेरे धरले, तर पाच तासांच्या प्रवासात एकेक गुडघा सुमारे वीस हजार वेळा वाकतो. बाजारापर्यंत जाण्यात जी चूक कळत नाही, ती लांबच्या प्रवासात गुडघा सुजवते.

अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्यामुळे प्रसिद्ध झालेले एक सूत्र आहे. पायांच्या मापाला ०.८८३ ने गुणावे. ७४ सेंटीमीटरला उत्तर सुमारे ६५ येते. क्रँक ज्या आसावर फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढे अंतर ठेवावे. हे सूत्र शर्यतीच्या खेळाडूंचे आहे. ज्येष्ठांनी एक-दोन सेंटीमीटर कमी ठेवून सुरुवात करावी. सोपी खूण अशी: सायकल कुणी धरलेली असताना टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्यावे. पाय जेमतेम सरळ व्हावा आणि कंबर एका बाजूला झुकू नये. मग पायाचा चवडा पायडलवर ठेवला, की गुडघ्यात हवा तेवढा किंचित बाक राहतो.

अशा सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला पुरणार नाहीत, आणि पुरूही नयेत. थांबताना आधी ब्रेक लावावा, मग सीटवरून पुढे सरकून दांड्यावर उभे राहावे. फ्रेम योग्य मापाची असेल, तरच हे जमते. हा सराव मोकळ्या मैदानात वीस-पंचवीस वेळा केल्याशिवाय रहदारीत जाऊ नये. सीटच्या नळीवर आत किती जावी याची किमान खूण असते. ती कधीही बाहेर दिसता कामा नये.

दुखण्यावरूनही माप ओळखता येते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते, तेव्हा बहुधा सीट खाली असते. गुडघ्याच्या मागे ओढ बसते, तेव्हा ती फार वर असते. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर शरीराचा भार हातांवर जास्त येतो आहे, म्हणजे हँडल दूर किंवा खाली आहे. बैठकीच्या जागी बधिरता आल्यास सीटचे टोक वर उचललेले नाही ना, हे पाहावे. गुडघे ताठर असलेल्या आणि कमी उंचीच्या व्यक्तींनी क्रँकची लांबीही विचारावी. नेहमीच्या १७० मिलिमीटरऐवजी १६० किंवा १६५ मिलिमीटरचा क्रँक असेल, तर गुडघा कमी वाकतो. हे बदल करूनही आठवडाभरात आराम पडला नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

घरच्यांसाठी थोडे

मुले-मुली दुसऱ्या शहरातून आई-वडिलांसाठी सायकल मागवतात. भावना उत्तमच आहे. मागवण्यापूर्वी वर सांगितल्याप्रमाणे पायांचे माप व आजची उंची मोजून घ्यावी. विक्रेत्याला दोन आकडे स्पष्ट विचारावेत: आडव्या दांड्याची जमिनीपासूनची उंची आणि सीटपासून हँडलकडे जाणाऱ्या नळीची आडवी लांबी. त्याला हे सांगता येत नसेल, तर तेथून घेऊ नये. शक्य असेल तर पैसे पाठवावेत आणि सायकल आई-वडिलांना गावातल्या दुकानात प्रत्यक्ष बसून निवडू द्यावी.

सायकलने हृदय, फुप्फुसे आणि मांड्यांचे स्नायू सुधारतात. हाडे मजबूत होण्यासाठी मात्र चालणेही हवे, कारण सायकलवर शरीराचे वजन पायांवर येत नाही. छातीत दुखणे, चक्कर, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, पावलांची बधिरता यांपैकी काही असेल, तर आधी तपासणी करून घ्यावी. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी लांबच्या प्रवासापूर्वी डोसबद्दल विचारावे आणि खिशात साखर किंवा गुळाचा खडा ठेवावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या डोक्याला मार लागला, तर वरून जखम न दिसताही तातडीने रुग्णालयात न्यावे. हेल्मेट सर्वांसाठी अनिवार्य समजावे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. होळीनंतर लांबचे प्रवास बंद करून पहाटेच्या छोट्या फेऱ्यांवर समाधान मानावे.

अकोल्याहून शेगाव रस्त्याने साधारण ४५ किलोमीटर आहे. नियमित सराव असलेल्या ज्येष्ठाला, वाटेत दोन-तीनदा थांबून, हे अंतर थंडीच्या दिवसांत सकाळच्या वेळात कापता येते. चिखलदऱ्याचा घाट चढण्याचा बेत मात्र पहिल्या वर्षी करू नये.

येत्या रविवारी घरातल्या ज्येष्ठांची उंची आणि पायांचे माप घ्या आणि घरात असलेल्या सायकलशी ते ताडून पाहा. पडवीत एखादी सायकल कुलूपबंद असेल, तर तिच्यापासूनच सुरुवात करा.